हाजी ‘फेल’ गेला म्हणे! कुठे आणि कधी?

फुटबॉलचा विश्वचषक जवळ आला की जुन्या खेळाडूंची झाडाझडती सुरू होते आणि त्यात गेओर्गे हाजीवरचा एक ठरावीक आरोप हमखास फिरतो. १९९४च्या विश्वचषकाचा एक महिना सोडला तर या रोमानियन मिडफिल्डरने केलं काय? रेआल माद्रिदमध्ये फेल, बार्सिलोनात फेल, शेवटी पैशासाठी तुर्कस्तान. ‘कार्पेथियन्सचा मॅराडोना’ ही सगळी पेपरवाल्यांची हवा.

आधी तो ‘एक महिना’ बघू. हाजी रोमानियाकडून पहिल्यांदा खेळला १९८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी. शेवटचा मोठा सामना २००० च्या युरोत, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत. मधल्या काळात तीन विश्वचषक, तीन युरो आणि ३५ आंतरराष्ट्रीय गोल. मिडफिल्डर असून हा देशाचा विक्रम आहे, आणि पुढे त्याची बरोबरी करणारा मुतू हा स्ट्रायकर होता. याला एक महिना म्हणायचं असेल तर कॅलेंडरच बदलावं लागेल.

आणि तो महिना तरी साधा होता का? कोलंबियाविरुद्धचा गोल पुन्हा बघा. हाजी डाव्या बाजूच्या रेषेला जवळजवळ चिकटून उभा, गोलपासून लांब. बघणाऱ्याला वाटतं, आता क्रॉस येणार. गोलकीपर कोर्दोबा थोडासा पुढे आलेला. बॉल त्याच्या डोक्यावरून पलीकडच्या कोपऱ्यात. चुकून लागला म्हणणारे आजही भेटतात. त्यांनी अर्जेंटिनाविरुद्धची ३-२ची मॅचही बघावी: सहकारी दुमित्रेस्कूच्या दुसऱ्या गोलचा पास हाजीचा आणि हाजीच्या गोलचा पास दुमित्रेस्कूचा. त्या वेळी हाजी ब्रेशिया या इटालियन क्लबचा खेळाडू होता आणि नुकताच इटलीच्या दुसऱ्या श्रेणीत एक मोसम काढून आला होता, हे कुणी सांगत नाही.

आता ‘मोठ्या क्लबात उशिरा का गेला?’ अहो, हुकूमशहा चाउशेस्कूच्या रोमानियातून जाणार कसा? खेळाडूंना बाहेर सोडतच नव्हते. डिसेंबर १९८९मध्ये राजवट कोसळली आणि पुढच्याच उन्हाळ्यात तो माद्रिदला पोचला, पंचविशीत. त्याआधी स्तेआउआ या लष्कराच्या क्लबने त्याला फेब्रुवारी १९८७मध्ये झालेल्या युरोपियन सुपर कपपुरतं (युरोपातल्या दोन कपविजेत्या क्लबांची लढत), म्हणजे अक्षरशः एका सामन्यासाठी, उसना घेतला होता. दिनामो कीव्हविरुद्धचा एकमेव गोल त्याने केला आणि क्लबने त्याला परत पाठवलंच नाही. इथे चाहत्यांनाही एक टोचणी: स्तेआउआचा १९८६चा युरोपियन कप (युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा) हाजीने जिंकलेला नाही. तेव्हा तो स्तेआउआत नव्हताच. १९८९च्या फायनलमध्ये मात्र होता आणि मिलानने तिथे ४-० धुतलं.

रेआल. पहिला मोसम खराब गेला, मान्य. पण त्या एका मोसमात संघाला तोशॅक, दि स्तेफानो, आंतिच असे तीन प्रशिक्षक लाभले. दुसऱ्या मोसमात हाजीने लीगमध्ये १२ गोल केले. शेवटच्या दिवशी तेनेरिफेत रेआल २-० पुढे होती आणि दुसरा गोल लांबून मारलेला, हाजीचाच. नंतर बचाव असा काही ढेपाळला की सामना ३-२ने गेला आणि एका गुणाने विजेतेपद बार्सिलोनाकडे. ते विजेतेपद हातचं गेलं नसतं तर ‘फेल’ हा शब्द कुणी उच्चारला असता का, मला शंका आहे.

बार्सिलोनाबद्दल मी भांडणार नाही. तिथे दोन वर्षांत जेमतेम छत्तीस लीग सामने, त्यात दुखापती. तरी एक गोष्ट लक्षात घ्या. तेव्हा मैदानात एका वेळी तीनच परदेशी खेळाडू चालत आणि तो आला तेव्हा प्रशिक्षक क्रायफकडे स्तोइचकोव्ह, रोमारियो आणि कूमान होते. चौथ्याने बसायचं कुठे?

राहिलं तुर्कस्तान. खरं सांगायचं तर या आरोपातला सगळ्यात पोकळ भाग हाच. एकतिसाव्या वर्षी आराम करायला आलेला माणूस लागोपाठ चार लीग विजेतेपदं जिंकत नाही. इस्तंबूलच्या गालातासराय क्लबसाठी १३२ लीग सामन्यांत ५९ गोल, तेही मिडफिल्डरचे, म्हणजे रेआलपेक्षा कितीतरी वरचा दर. प्रशिक्षक फातिह तेरिमने खेळ त्याच्याभोवती रचला आणि जो क्लब युरोपात मधूनच चमकायचा, तो १७ मे २००० रोजी कोपनहेगनमध्ये इंग्लंडच्या आर्सेनलसमोर यूएफा कपची (युरोपातल्या क्लबांची दुसऱ्या क्रमांकाची स्पर्धा) फायनल खेळत होता.

त्या रात्री हाजीने आर्सेनलच्या टोनी अ‍ॅडम्सशी झटापट केली आणि जादा वेळेत रेड कार्ड घेतलं. डोकं तापट होतंच. महिन्याभराने युरोत इटलीविरुद्धही तो असाच बाहेर गेला. ते त्याच्या खात्यावर जरूर टाका. पण दहा जणांनी गोल न खाता वेळ काढला, पेनल्टी शूटआउट ४-१ने जिंकलं आणि तुर्कस्तानच्या क्लबच्या हाती पहिल्यांदाच युरोपातली एखादी ट्रॉफी आली. विजयी पेनल्टी मारली ती पोपेस्कूने, हाजीच्याच साडूने. ऑगस्टमध्ये सुपर कपला गालातासरायसमोर आली ती रेआल माद्रिद. निकाल २-१, गालातासराय.