फेलोशिप फुल्ली फंडेड, अर्ज आमच्या खिशातून

जाहिरातीत ठळक अक्षरांत लिहितात: ‘फुल्ली फंडेड’. विमानाचं तिकीट, राहणं, दरमहा स्टायपेंड, आरोग्यविमा, सगळं त्यांचं. फक्त अर्ज पूर्ण करायचा खर्च आणि मनस्ताप तुमचा, आणि तो जाहिरातीत कुठेच नसतो.

पत्रकारांसाठीच्या परदेशी फेलोशिपा वाईट असं मी म्हणत नाही. हार्वर्डची नीमन १९३८ पासून चालू आहे, ऑक्सफर्डला रॉयटर्स इन्स्टिट्यूट आहे, मिशिगनला नाइट-वॉलेस. रोजच्या डेडलाइनमधून काही महिने सुटावं, जरा वाचावं, कल्पना उत्तमच. मी भरला तो अर्ज या तिघांपैकी कुणाचा नाही आणि नावही घेणार नाही, कारण हे दुखणं एका संस्थेचं नाहीच.

पहिली मागणी: तुमच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या तीन उत्तम बातम्या. अहो, कुठल्या नावाने? इतकी वर्षं महापालिका कव्हर करतेय. नालेसफाईची कंत्राटं, मिठी नदीतला गाळ, पुनर्विकासात अडकलेल्या चाळी. पान एकवर लीड लागल्यात. वर काय छापलं? ‘विशेष प्रतिनिधी’. ते नाही तर ‘प्रतिनिधी, मुंबई’. पुरवणीत पावसाळी भज्यांवर दोनशे शब्द खरडले तर मात्र नाव फोटोसकट! बातमी हिचीच आहे असं संपादकांचं पत्र जोडा म्हणे. तेव्हाचे संपादक आता दुसऱ्या पेपरात. वेबसाइट नवी केली तेव्हा जुन्या लिंका सगळ्या मेल्या, त्याचं कुणाला सोयरसुतक नाही. माझ्याकडे उरलीत पिवळी पडलेली कात्रणं, मोबाइलवर फोटो काढून पीडीएफ केलेली. आणि अर्जातला रकाना यूआरएल टाकल्याशिवाय पुढे सरकतच नाही.

मग अनुवाद. बातमी इंग्रजीत नसेल तर पूर्ण इंग्रजी अनुवाद जोडणं बंधनकारक. अनुवादक शब्दावर पैसे लावतात, आणि शोधबातमी काही चारशे शब्दांत आटपत नाही. म्हणून शिफ्ट संपवून, डोंबिवली लोकलमध्ये बसायला मिळालंच तर मांडीवर लॅपटॉप घेऊन, मीच माझी अनुवादक. त्याच पत्रकार परिषदेत माझ्या शेजारी बसणारा इंग्रजी पेपरवाला तीच कागदपत्रं माहितीच्या अधिकारात काढतो, तीच बातमी करतो, अर्जात तीन लिंका चिकटवतो आणि चहाला जातो. परीक्षक दोघांना एकाच मापाने मोजणार. त्याची बातमी डेस्कने घासूनपुसून दिलेली, माझी रात्री साडेअकराला कळव्याजवळ सिग्नलला थांबलेल्या गाडीत इंग्रजीत उतरवलेली.

६ जानेवारी १८३२ ला याच मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केलं, तेही मराठी आणि इंग्रजी दोन्हींत. दोनशे वर्षं होत आली. साहेबाला कळावं म्हणून अजून आम्हीच राबतोय, आणि तेही फुकट. एका फेलोवर लाखो रुपये खर्च करता ना? मग पहिल्या चाळणीला एक मराठी वाचणारा माणूस बसवायला काय जातं तुमचं?

आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेबद्दल बोलतच नाही. सतरा-अठरा हजार घालायचे आणि निकाल दोन वर्षांत बाद.

शिफारसपत्रं दोन हवीत. संपादक म्हणाले, “तूच लिहून आण, मी सही करतो.” सही कुठे करणार? पोर्टल त्यांच्याच ईमेलवर लिंक पाठवतं, आणि त्यांच्या इनबॉक्समध्ये प्रेसनोटांचा खच. दोन दिवस मागे लागले तेव्हा उत्तर मिळालं, “अगं, ते काहीतरी इंग्रजी आलं होतं, डिलीट केलं वाटतं.” मुदत रात्री ११:५९ ची, पण अमेरिकेच्या ईस्टर्न टाइमने. हिवाळ्यात आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेदहा होत आलेले असतात, म्हणजे ऐन मीटिंगची वेळ. संपादक समोर बसून पाण्याच्या टँकरवर बोलतायत आणि मी टेबलाखाली पोर्टल रिफ्रेश करतेय.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे रजेचं पत्र. फेलोशिप संपल्यावर उमेदवाराला पुन्हा कामावर घेऊ, असं लेटरहेडवर लिहून हवं. पत्रकारांच्या पगारासाठी नेमलेल्या मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी २०११ मध्ये अधिसूचित झाल्या, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायम ठेवल्या. आमच्या ऑफिसात त्यातून निष्पन्न काय झालं, तर हळूहळू सगळे कंत्राटावर. एचआरच्या मुलीने शांतपणे विचारलं, “मॅम, मेडिकल आहे का? नाही ना? मग एवढ्या लाँग लीव्हचा ऑप्शन सिस्टीममध्ये नाहीये. तुम्ही रिझाइन टाका, परत आल्यावर बघू.” काय बघणार, कपाळ?

संस्थेला ईमेल केला. उत्तर तत्परतेने आलं: पत्र नसेल तर ‘फ्रीलान्सर’ हा पर्याय निवडावा. रोज दहा तास ऑफिसच्या बातम्यांसाठी वणवणणारी मी फ्रीलान्सर? रागारागाने कंत्राट काढून बघितलं तर तिथेही ‘रिटेनर’, म्हणजे मानधनावरची बाहेरची. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, दर महिन्याला टीडीएस कापतात तोसुद्धा ‘व्यावसायिक शुल्क’ म्हणून. रजा मागायला गेलं की मी ऑफिसची कुणीच नाही. रविवारी पहाटे भिवंडीत गोदामाला आग लागली की मात्र पहिला फोन मलाच, “कुठे आहेस? निघ लगेच!”