माउथपीस उकळायला निघालेल्यांसाठी

तासगावच्या मामांकडे आजोबांचा सॅक्सोफोन आहे, बँडच्या जमान्यातला. परवा त्यांनी त्याचं माउथपीस, म्हणजे तोंडात धरून फुंकायचा भाग, चक्क उकळायला घेतलं. कारण व्हॉट्सॲपवरचा एक मेसेज: 'जुन्या सॅक्सोफोनच्या सुट्या सामानाला परदेशी संग्राहक लाखो रुपये देतात. त्या पितळेत सोनं असतं. पॅरिस किंवा यूएसए छापलेलं असेल तर पाच लाख नक्की. विकण्याआधी माउथपीस उकळा, पितळ चिंचेनं घासा, नोंदणीचे पैसे भरा.'

सोनं नाही. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. फार तर एखाद्यावर सोन्याचा पातळ मुलामा असतो. पॅरिसचं म्हणाल तर सॅक्सोफोनचा जनक अडोल्फ साक्स, त्यानं पेटंट घेतलं तेच तिथं, १८४६ साली. तेव्हा नुसत्या शिक्क्याला कोण विचारतो? आणि नोंदणीच्या नावाखाली आधी पैसे मागतोय तो संग्राहक नव्हे, भामटा आहे.

पण उकळायचा सल्ला सगळ्यात घातक. जुनं काळं माउथपीस एबोनाइटचं, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराचं. उजेडात वर्षानुवर्षं राहून ते हिरवट-तपकिरी पडतं. कढत पाण्यात टाकलंत की तेच काही मिनिटांत होतं, वर गंधकाचा वास. रीड, म्हणजे फुंकल्यावर थरथरणारी पातळ पट्टी, जिथं टेकते ती सपाटी वाकली तर खेळच खलास. तंबोऱ्याला तारांखालची जवारी, तशी सॅक्सोफोनला ती सपाटी आणि टोकाची फट. तंबोरे घडवणाऱ्या मिरजेच्या शेजारी राहून हे सांगावं लागतंय! "आरं, नुसतं धुतलं तर काय बिघडतंय?" मामा म्हणाले. धुवा की, थंड पाण्यात साबणाचा थेंब टाकून. चिंचही नकोच, घासून लॅकर, म्हणजे वरचा चकचकीत लेप, आणि नक्षी गेली की भाव घसरतो.

एक मान्य करतो, नाइलाजानं. ओटो लिंक, मायर या कंपन्यांची न्यूयॉर्कची जुनी माउथपीस खरंच महाग जातात. मेसेजमधला 'प्लास्टिकच्या सॅक्सोफोनला करोड'वाला फोटोही अगदीच हवेतला नाही. जॅझचा मोठा वादक चार्ली पार्कर, त्यानं १९५३ मध्ये टोरांटोच्या मॅसी हॉलमध्ये वाजवलेला ग्राफ्टन कंपनीचा प्लास्टिकचा सॅक्सोफोन १९९४ साली लंडनच्या क्रिस्टीजच्या लिलावात ९३,५०० पौंडांना गेला. पण ती किंमत पार्करच्या हाताची, प्लास्टिकची नव्हे.

संग्राहक ज्यावर खरे जीव टाकतात त्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही. कॉन कंपनीच्या सॅक्सोफोनच्या मानेवरचा, म्हणजे माउथपीस बसवायच्या वाकड्या नळीवरचा, मायक्रोट्यूनर घ्या: माउथपीस न हलवता नुसती कडी फिरवून सूर मिळवायचा. किंवा लायर, चालता चालता नोटेशनचा कागद धरणारा छोटा चिमटा. आमच्याकडं वरातीत सगळं तोंडपाठ, त्यामुळं तो पेटीतच पडून राहतो, आणि म्हणूनच कोरा सापडतो. मामांनी तो भंगाराच्या पिशवीत टाकला होता! मूळ मान, मूळ पेटी, सगळं एकत्र असलं की मगच मोल चढतं.

विकायचंच असेल तर आहे तसे फोटो काढा: बॉडीवरचा नंबर, मान, माउथपीसचं टोक. घासायचं की नाही ते घेणारा बघेल.