आणि हार्बिन?

सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहायला बसले. लांबेल. वेळ नसेल तर पुढे जा.

आमच्या घरच्या ग्रुपवर भाच्याने एक रील टाकलं. कृष्णधवल चित्र, उंच पाळणा, पाळण्याच्या डब्यात दोन मित्र. त्यातला एक दार सरकवून खालची माणसं दाखवतो आणि विचारतो, त्या ठिपक्यांतला एखादा कायमचा थांबला तर तुला खरंच काही वाटेल का? मागे धडाडधूम संगीत आणि खाली मोठ्या अक्षरांत, ‘भावना बाजूला ठेवा, मोठा विचार करा’. सतरा अंगठे आले. तीन जण ‘जबरदस्त’ म्हणाले. मी खाली फक्त एवढंच लिहिलं, ‘आणि हार्बिन?’ कोणी काही बोललं नाही. त्यानंतर एक वाढदिवस झाला आणि कोणीतरी उकडीच्या मोदकांचा फोटो टाकला.

तो सीन ‘द थर्ड मॅन’ या १९४९ च्या चित्रपटातला. दिग्दर्शक कॅरल रीड, पटकथा ग्रॅहम ग्रीनची. ठिपके दाखवणारा तो देखणा माणूस हॅरी लाइम. त्याचा धंदा काय, तर लष्करी इस्पितळातलं पेनिसिलिन चोरायचं, त्यात भेसळ करून ते पातळ करायचं आणि काळ्या बाजारात विकायचं. ते औषध मेंदूज्वर झालेल्या पोरांना टोचलं गेलं. मेली ती सुटली म्हणायची, अशी गत उरलेल्यांची झाली. त्याचं बोलणं आपण सकाळच्या चहाबरोबर एकमेकांना प्रेरणा म्हणून पाठवतोय!

मला हे सोसत नाही, कारण अण्णा. अण्णा पिंपरीला पेनिसिलिनच्या कारखान्यात होते, हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये. ‘एचए’. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने १९५४ साली उभी राहिलेली कंपनी. तिच्याआधी आपल्या देशात पेनिसिलिन बाहेरून यायचं. अण्णा बाटल्या भरायच्या विभागात होते. त्या खोलीत शिरायचं म्हणजे आधी हात घासायचे, निर्जंतुक कपडे चढवायचे, टोपी, तोंडाला फडकं. घरी आले तरी त्यांची बोटं स्वच्छ, नखं मुळापर्यंत कापलेली. आई म्हणायची, यांना सोवळ्याची वेगळी गरजच नाही.

१९८६ साली मी कॉलेजात होते आणि पुण्यातल्या एका फिल्म क्लबची सभासद. त्या दिवशी मैत्रीण आली नाही, पास वाया जाणार, म्हणून अण्णांना म्हटलं, चला. फर्स्ट शिफ्ट करून ते तसेच लोकलने शिवाजीनगरला आले. डबा पिशवीत. इंग्रजी त्यांना जेमतेम कळायचं. पण या चित्रपटात निम्मं व्हिएन्ना जर्मन बोलतं आणि रीडने त्या जर्मनचं भाषांतर मुद्दामच दिलेलं नाही. रजई अंगाभोवती गुंडाळून पोलिसांवर तोंड सोडणारी ती म्हातारी घरमालकीण काय बोलते ते लाइमच्या मित्राला, नायक मार्टिन्सलाही कळत नाही. नायक आणि अण्णा, दोघं सारखेच परके. अण्णा तिला बघून हसले होते. ती हेडविग ब्लाइबट्रॉय, व्हिएन्नाच्या रंगभूमीवरची फार मोठी नटी, तेव्हा ऐंशीच्या घरात.

मग इस्पितळाचा सीन आला. तुम्ही पाहिला असेल तर आठवेल. रीडने पोरं दाखवलेलीच नाहीत. फक्त खाटांचे कठडे, वाकून आत बघणाऱ्या जोसेफ कॉटनचा, म्हणजे मार्टिन्सचा, पडत गेलेला चेहरा आणि कापसाचं एक अस्वल, नर्स डोक्याकडून खोक्यात टाकून देते ते. बस्स. अण्णांनी मांडीवरची पिशवी घट्ट धरली, ती दिवे लागेपर्यंत तशीच.

या रीलवाल्यांना एवढंच विचारायचंय, तुम्ही पाळणा ठेवलात, मग खाटा का कापल्यात? रीडने आधी तुम्हाला लाइमच्या प्रेमात पाडलं. अंधाऱ्या दारात मांजर त्याच्या बुटांशी घोटाळतं, वरच्या खिडकीतला उजेड तोंडावर पडतो आणि तो हसतो, तेव्हा मीही विरघळते. दरवेळी. पण ते प्रेम रीडने फुकट दिलेलं नाही. पुढे त्या खाटांपाशी नेऊन तो त्याची पुरती किंमत मागतो.

आणि तो पाळणा तरी कुठला, माहीत आहे का? व्हिएन्नाच्या प्राटर बागेतला, १८९७ चा. त्याचा मालक एडुआर्ड श्टाइनर ज्यू होता. नाझींनी पाळणा त्याच्याकडून हिसकावला आणि १९४४ साली त्याला आउश्वित्झमध्ये मारलं. त्याच वर्षी पाळणाही जळाला. युद्धानंतर पुन्हा उभा केला तेव्हा तीसपैकी पंधराच डबे लावले. तुमचं ते ‘मोठा विचार करा’ या पाळण्याच्या डब्यातून येतं. व्हिएन्नातल्या माणसांना ठिपका म्हणजे काय, हे कोणी शिकवायची गरज नव्हती.

थांबते जरा. पाणी पिऊन आले.

हे शहर तेव्हा कसं होतं ते सांगायला हवं, कारण त्याशिवाय हा चित्रपट झालाच नसता. अमेरिकन, ब्रिटिश, फ्रेंच आणि रशियन, चौघांनी व्हिएन्ना वाटून घेतलेलं. मधलं जुनं शहर सगळ्यांचं मिळून, तिथे चार देशांचे चार शिपाई एकाच जीपमध्ये गस्त घालायचे. १९५५ पर्यंत ऑस्ट्रिया असाच परक्या फौजांखाली होता. निर्माता अलेक्झांडर कोर्डाला याच शहरावर चित्रपट हवा होता. १९४८ च्या सुरुवातीला त्याने ग्रीनला तिकडे धाडलं. ग्रीनकडे तोवर एका जुन्या पाकिटामागे खरडलेली ओळ तेवढी होती. ज्याला पुरून आलो, तोच लंडनच्या गर्दीत दिसला, अशी. बाकीचं त्याला व्हिएन्नाने दिलं. भुयारी गटारं, तिथे उतरणारे खास पोलिस आणि पेनिसिलिनचा काळा बाजार. हे त्याने मनाने रचलेलं नाही.

मग १९४८ च्या ऑक्टोबरअखेर रीड मंडळी घेऊन तिथे पोचला. ढिगाऱ्यांचं शहर, थंडी आणि हातात थोडेच आठवडे. म्हणून त्याने तीन युनिटं केली. एक दिवसाचं, एक रात्रीचं, एक गटारातलं. तिन्हींवर स्वतः उभा. झोप येऊ नये म्हणून गोळ्या खायचा. हे काही कौतुकाचं नाही, प्रकृतीचे हालच ते. रात्री रस्त्यांवर बंबाने पाणी मारायचे, दगडी फरशी चकाकावी म्हणून. रॉबर्ट क्रास्करचा कॅमेरा तिरका, भिंती कलंडलेल्या, सावल्या तीन मजले उंच. क्रास्करला त्याबद्दल ऑस्कर मिळालं. आज कोणाला त्याचं नाव आठवतं?

आणि ज्याचं रील फिरतंय तो लाइम झालेला ऑर्सन वेल्स? तो वेळेवर आलाच नाही. तो येईपर्यंत गाय हॅमिल्टन नावाच्या सहायक दिग्दर्शकाला मोठा कोट चढवून पळवलं. भिंतीवरची ती अजस्र सावली त्या पोराची. आल्यावर साहेबांनी गटारात काम करायला नकार दिला, म्हणून लंडनजवळ शेपर्टनच्या स्टुडिओत गटार बांधावं लागलं. शेवटी लोखंडी जाळीतून वर येणारी लाइमची ती बोटं आहेत ना, रस्त्यावरच्या वाऱ्यात चाचपडणारी? ती रीडची स्वतःची. आणि पाळण्याच्या डब्यातलं ते सगळं बोलणंसुद्धा शेपर्टनमधलं आहे, मागे पडद्यावर व्हिएन्ना सोडून. तरी दर दोन वर्षांनी कोणीतरी मला ऐकवतो की हा खरं तर वेल्सचाच चित्रपट. लाइमच्या तोंडचं कुक्कू घड्याळाचं ते गाजलेलं वाक्य वेल्सने पदरचं घातलं, हे खरं. ग्रीनने ते मोकळेपणी मान्य केलंय. आणि वेल्स नसता तर लाइम एवढा गोड झाला नसता, हेही खरं. झालं? आता पुढे.

कारण अण्णांना त्या रात्री वेल्स आठवतच नव्हता.

शिवाजीनगरच्या फलाटावर लोकलची वाट बघत आम्ही उभे होतो. डिसेंबर होता, अण्णांचा मफलर. बराच वेळ ते गप्प. मला वाटलं, चित्रपट कळला नसेल, मी समजावायला लागले. ते म्हणाले, ‘तो हार्बिन.’ मी म्हटलं, कोण हार्बिन? मला नावसुद्धा लक्षात नव्हतं! ते म्हणाले, ‘इस्पितळातला. ज्यानं औषध बाहेर काढून दिलं. त्याच्याशिवाय त्या लाइमला एक बाटली मिळाली नसती.’

जोसेफ हार्बिन. लष्करी इस्पितळातला कामगार. लाइमसाठी पेनिसिलिन चोरायचा. लाइमच्या मागावरचा ब्रिटिश मेजर कॅलोवे मार्टिन्सला पुरावे दाखवतो तेव्हा तो पडद्यावर काही क्षण दिसतो. मेला म्हणून पुरलेल्या लाइमची कबर उकरतात तेव्हा आत निघतो तोही हार्बिनच. आख्ख्या चित्रपटात एवढाच. मी तेव्हा सावल्या बघत होते, तिरके कोन बघत होते, वहीत टिपणं काढत होते. अण्णांनी बाटलीला हात लावणारा माणूस बरोबर हेरला.

लोकल आली. बसल्यावर एवढंच म्हणाले, ‘आमच्याकडं रोज दाराशी झडती होते. लोकांना राग येतो. मला कधी आला नाही.’ चिंचवडपर्यंत मग काही नाही.

हे आठवून आता राग थोडा निवळलाय. भाचा बावीस वर्षांचा आहे, पोरगा गुणी आहे. त्याला रील मिळालं, त्याने पुढे ढकललं. मीही त्या वयात झिदरवरच भाळले होते. झिदर म्हणजे आपल्या स्वरमंडळाच्या नात्यातलं वाद्य. व्हिएन्नात दारूच्या गुत्त्यांत ते वाजवणारा आंटोन कारास रीडला भेटला आणि रीडने आख्ख्या चित्रपटाला त्याचं एकच वाद्य ठेवलं. मोठा वाद्यवृंद नाही, व्हायोलिनं नाहीत. प्रसंग रडण्याचा आणि सूर असा की पाय ठेका धरतो. फसायला होतंच. फसावं म्हणूनच ते तसं केलंय. पण पुढे शुद्धीवर येण्यासाठी आख्खा चित्रपट बघावा लागतो हो, पंचेचाळीस सेकंदांत ते होत नाही.

अमेरिकेत वितरक सेल्झनिकनेही यातली अकरा मिनिटं कापलीच होती. सुरुवातीला रीडचा स्वतःचा आवाज आहे, काळ्या बाजाराबद्दल निगरगट्टपणे बोलणारा. तिकडे तो काढून कॉटनचा घातला, बिचारा सभ्य आवाज. म्हणजे कात्री आजची नाही. फक्त शेवटाला कोणाची कात्री लागली नाही. ग्रीनला शेवट जरा दिलासा देणारा हवा होता, रीड अडून बसला. थोरल्या स्मशानाचा तो सरळ रस्ता, पानं गळतायत, लाइमची प्रेयसी आना लांबून चालत येते, येते, येते आणि वाट बघणाऱ्या मार्टिन्सकडे न बघता पुढे निघून जाते. रीडच बरोबर होता, असं ग्रीनने नंतर लिहिलं. तो शॉट एवढा वेळ चालतो की क्लबातली माणसं चुळबुळायला लागली होती. अण्णा हलले नाहीत.

अण्णांना जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांच्या कपाटात अजून एक रिकामी बाटली आहे, रबरी बुचाची, लेबल नसलेली. निवृत्त झाले त्या दिवशी रीतसर चिठ्ठी घेऊन आणली होती. दाराशी झडतीत दाखवायला चिठ्ठी. तीही जपून ठेवलीय, बाटलीखाली घडी करून.

आत्ता हे लिहिताना ग्रुपवर भाच्याचा मेसेज आला. ‘मावशी, हार्बिन कोण?’

फोन लावते त्याला.