खुलासा : नाकातल्या थेंबांनी मेंदूतला रक्तस्राव ‘बरा’ झालाय, पण उंदरांत

‘मेंदूत रक्तस्राव झाला तरी घाबरू नका, नाकात औषध टाकताच रुग्ण उठून बसतो’ असा मेसेज फिरतोय. तो पुढे पाठवू नका, कळकळीची विनंती.

यामागे खरं संशोधन आहे. रक्त आणि मेंदू यांच्यामधल्या अडसरामुळे बरीच औषधं रक्तातून मेंदूत शिरत नाहीत. नाकाच्या वरच्या भागातल्या गंधाच्या चेतातंतूंलगत मात्र वाट सापडते. म्हणून लोह बांधून ठेवणारं डेफेरॉक्सामीन, इन्सुलिन अशी औषधं उंदीर-घुशींच्या नाकातून देऊन पाहिली गेली. त्यांच्या मेंदूत आधी कोलॅजिनेज हे विकर किंवा त्यांचंच रक्त टोचून रक्तस्राव घडवतात. म्हणजे प्राणी तरुण, निरोगी आणि रक्तस्रावाची वेळ ठरलेली. आपला रुग्ण बहुधा वयस्कर, वर्षानुवर्षं रक्तदाब असलेला. नाकही वेगळं : उंदराच्या नाकात गंधपटल जवळपास निम्मी जागा व्यापतं, माणसात दहा टक्क्यांहूनही कमी.

आणि माणसांवरच्या चाचणीत आशा मावळल्याची उदाहरणं आहेत. फॅक्टर सेव्हन-ए या रक्त गोठवणाऱ्या इंजेक्शनने रक्ताची गाठ वाढणं कमी झालं, तरी 2008 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत मृत्यू वा अपंगत्व घटलं नाही.

तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर लगेच 108. घरी ॲस्पिरिन देऊ नका. रक्तस्राव आहे की गुठळी, हे सीटी स्कॅनसारख्या तपासणीशिवाय कळत नाही. बेशुद्ध माणसाच्या नाकात काहीही ओतू नका, ते फुप्फुसात जाऊ शकतं.