बाहेरची कोण, ते एकदा ठरवा

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या माझ्या भाचीची चर्चा आहे. बी. एस्सी. नर्सिंग झालं, गोवा नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात आलं, पेढे वाटून झाले, आणि आता पोरगी घरी बसून आहे. धाकटे मामा म्हणतात, केरळच्या मुली येऊन बसल्यात, आपल्या पोरींना कोण विचारतो? मोठ्या मामांचं नेमकं उलट. आपल्या पोरी थोडा अनुभव घेतात आणि विलायतेचं विमान पकडतात, मग हॉस्पिटलवाल्यांनी बाहेरून माणसं आणायची नाहीत तर काय करायचं? हे दुसरं वाक्य कुणासाठी होतं ते कळायला मला डोकं लावावं लागलं नाही. मी इंग्लंडात, स्विंडनमध्ये नर्स आहे.

दोन्ही मामांचा हॉस्पिटलशी संबंध आला तो फक्त पेशंट म्हणून. तरी दोघंही ठाम. चवथ आली, विसर्जन झालं, वाद काही विसर्जित झाला नाही. मला चीड येते ती याची, की या एवढ्या मोठ्या भांडणात पगाराचं नाव कुणीच काढत नाही.

म्हणून मी काढते. म्हापशाच्या बाजूच्या एका खासगी हॉस्पिटलात माझी पहिली नोकरी. रुजू झाले त्या दिवशी ओरिजिनल सर्टिफिकेटं मेट्रनच्या कपाटात गेली. ‘‘सांभाळून ठेवते गं,’’ म्हणाली. पगार नऊ हजार. रात्री वॉर्डात तीसेक पेशंट आणि आम्ही दोघी, त्यातली एक मी, म्हणजे नुकती पास होऊन आलेली. एकाचं सलाइन बदलेपर्यंत दुसऱ्याची बाटली रिकामी व्हायची आणि तिसऱ्याचा मुलगा काउंटरला टेकून उभा राहायचा. एका आजोबांची शीर काही केल्या सापडेना. मी अंगठ्यानं मनगट चाचपतेय, सुई हातात, घाम कपाळावर, आणि आजोबाच मला धीर देतायत, ‘‘बाये, सवकास कर, हांव खंयच वचना.’’ (सावकाश कर, मी कुठंही जात नाही.) दाखवायला वरचं कुणी नव्हतं. जी दुसरी होती ती मलयाळी, माझ्यापेक्षा दीड वर्षानं मोठी. शीर कशी धरायची ते तिनं दाखवलं. आणि सर्टिफिकेटं परत मागायची असतात, तीही लेखी अर्ज करून, हेही तिनंच शिकवलं. आम्हा डिचोलीच्या मुलींना ते सुचलंच नव्हतं. आम्हाला वाटायचं, नोकरी दिली हेच उपकार.

जानेवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खासगी हॉस्पिटलांतल्या नर्सेसच्या पगाराचा प्रश्न समितीकडे सोपवला. समितीनं सांगितलं, पन्नासपेक्षा कमी खाटा असल्या तरी वीस हजारांच्या खाली पगार नको, आणि दोनशेच्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सच्या बरोबरीनं द्या. अंमलबजावणी राज्यांनी करायची होती. माझ्या बॅचच्या ज्या मुली तिथंच राहिल्या त्यांना मी विचारलं. एकीनं हसण्याचे इमोजी पाठवले. केरळच्या नर्सेसनी २०१७ मध्ये संप करून हाच वीस हजारांचा आकडा सरकारच्या तोंडून वदवून घेतला. आपल्याकडे कुणी संप केला? आपण काय करतो, तर सरकारी जागा निघायची वाट बघतो.

आणि ती वाट कशी बघतात ते मला पाठ आहे. बांबोळीचं जीएमसी म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, मडगावचं हॉस्पिसियो, म्हापशाचं आझिलो, या सरकारी हॉस्पिटलांपलीकडे नोकरी म्हणजे नोकरीच नव्हे. पंधरा वर्षं गोव्यात राहिल्याचा दाखला हवा, कोकणी यायलाच हवी, मराठी येत असेल तर बरं. (मराठी की कोकणी हा वाद इथं नको, तो ग्रुप वेगळा आहे.) मग जाहिरात, मग अर्ज, मग ‘कुणाला सांगून ठेवलंय का?’ सरकारी नोकरी देतो म्हणून लोकांकडून लाखो रुपये उकळल्याची प्रकरणं २०२४ मध्ये बाहेर आली, अटका झाल्या, तेव्हा ग्रुपवर सगळे हळहळले. पण फसलेल्यांवर कुणी हसलं नाही, कारण संधी मिळाली असती तर आमच्यातल्याही दोनतीन घरांनी जमीन विकून पैसे दिले असते. माझ्या वडिलांनी दिले नसते, कारण त्यांच्याकडे नव्हतेच. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा आमचा ट्रक अंगणात उभा राहिला आणि बँकेचे हप्ते मात्र चालू राहिले. डिचोली-सत्तरीच्या कित्येक घरांत मुलींना नर्सिंगला घातलं ते त्याच काळात. सेवाभाव वगैरे भाषणात ठीक. आम्हाला घरात महिन्याच्या महिन्याला पैसे यायला हवे होते.

जीएमसीच्या वैद्यकीय शाळेची परंपरा १८४२ पासूनची आहे, आशियातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक, आणि मोठे मामा ते अभिमानानं सांगतात. मीही वॉर्डातल्या गोऱ्या कन्सल्टंटला सांगितलं होतं. तो ‘इंटरेस्टिंग’ म्हणाला आणि बेड मॅनेजरचा फोन घ्यायला गेला.

इथं काय आहे? इथं नव्या नर्सला प्रिसेप्टरशिप मिळते, म्हणजे हाताशी धरून शिकवणारी सीनियर, रोस्टर आधी कळतं, ब्रेक नाही मिळाला तर डेटिक्स, म्हणजे तक्रार नोंदवायचा फॉर्म, भरता येतं. बँड फाइव्हला, म्हणजे नव्या नर्सच्या पगारश्रेणीला, २०२५-२६ मध्ये सुरुवातीला वर्षाला ३१,०४९ पौंड. हा आकडा रुपयांत करून टाकला की मामा गप्प होतात. भाडं, काउन्सिल टॅक्स आणि नर्सरीची फी मी त्याखाली टाकत नाही, वाद जिंकायचा असतो तेव्हा कोण टाकतो? पोर्तुगीज पासपोर्टवर आलेले आपले गोंयकार इथल्या वेअरहाउसांत आहेत, चर्चला भेटतात, प्रेमानं बोलावतात. पण मला आपलं वाटून जातं की आजोबा पोर्तुगीज अमलात, एकसष्टच्या आधी जन्मले एवढ्यावर मी आले नाही, इंग्रजीची आयईएल्टीएस दिली, नर्सिंगची सीबीटी दिली, डमीसमोर उभं राहून ‘मी आता हात धुतेय’ असं मोठ्यानं सांगत प्रात्यक्षिकाची ओस्की दिली. असं वाटणं बरं नव्हे, पण वाटतं.

आमच्या वॉर्डात एक फिलिपिनो सिस्टर आहे. तिच्या तरुणपणी मनिलाकडे नवीन नर्सला पगार सोडाच, अनुभवाच्या कागदासाठी हॉस्पिटलला ‘ट्रेनिंग’चे पैसे भरून राबावं लागायचं. कायद्यानं सरकारी नर्सची वेतनश्रेणी २००२ मध्येच वाढवली होती, पण ती द्यायलाच हवी असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला २०१९ मध्ये सांगावं लागलं. मधल्या काळात देश रिकामा होत राहिला. कोविडमध्ये तिथल्या सरकारनं बाहेर जाणाऱ्यांवर वर्षाला पाच हजार जणांची मर्यादा घातली, ती नंतर वाढवावी लागली. मोठ्या मामांना हा उपाय आवडेल. दार बंद करायला पैसे लागत नाहीत.

आता जे सांगायचं टाळत होते ते. २०२५ मध्ये इथल्याच विद्यापीठांतून पास झालेल्या इंग्रज नर्सेसना जागा मिळेनात. सरकारला त्या ऑगस्टमध्ये त्यांच्यासाठी नोकरीची हमी, ‘ग्रॅज्युएट गॅरंटी’, जाहीर करावी लागली. आमच्याकडे शिकतानाच्या शेवटच्या प्लेसमेंटला, म्हणजे वॉर्डातल्या प्रशिक्षणाला, एक मुलगी होती, फार गुणी, मी स्वतः तिची कागदपत्रं साइन केली. एकदा स्टाफरूममध्ये डायजेस्टिव्हचा पुडा मध्ये ठेवून ती दुसरीला सांगत होती की सगळे बँड फाइव्ह बाहेरच्यांनी भरलेत, आम्ही अर्ज करून काय उपयोग? मग तिला मी दिसले. ‘‘तू नाही गं, तू आमचीच,’’ म्हणाली. मी चहा घेतला. धाकटे मामाच बोलत होते, फक्त विल्टशरच्या उच्चारात.

मला तिचा राग आला असता तर सोपं झालं असतं. पण तिचं म्हणणं मला पटलंही. कारण २०१८ मध्ये जीएमसीनं गोव्याबाहेरच्या पेशंटना फी लावली तेव्हा हद्दीपलीकडे, महाराष्ट्रातल्या दोडामार्गला दिलेली माझी आत्या चिडली होती, आणि मी तिच्याशी भांडले होते. खाटा आमच्या, टॅक्स आमचा, असं काहीतरी. दोडामार्गहून डिचोलीला यायला किती वेळ लागतो ते मला ठाऊक होतं. आजही तो विषय निघाला तर मी फीच्याच बाजूनं बोलेन. आपल्या माणसांना आधी, हे माझ्या हाडात आहे. मात्र आपली माणसं कोण, हे दर वेळी बदलतं, आणि मी सध्या कुठल्याच यादीत धड बसत नाही. पंधरा वर्षांच्या दाखल्यात माझी मुलगी बसणार नाही. इथं कायम राहायच्या परवान्याला लागणारी पाच वर्षं भरत आली, तर मे २०२५ मधल्या सरकारी श्वेतपत्रिकेनं पाचाची दहा करायचा घाट घातला. सर्टिफिकेटं आता माझ्याच कपाटात आहेत, पण व्हिसा हॉस्पिटल चालवणाऱ्या ट्रस्टच्या नावाला बांधलेला आहे. हे मी ग्रुपवर कधी लिहिलेलं नाही.

भाचीला मडगावच्या एका हॉस्पिटलातून मुलाखतीचा फोन आलाय. जाहिरातीत पगाराच्या जागी ‘मुलाखतीत कळेल’. मी तिला सांगितलं, आधी पगार विचार, मग रात्री किती पेशंटना किती नर्स, आणि ओरिजिनल हातातून सोडू नकोस, फक्त झेरॉक्स दे. मोठ्या मामांनी लिहिलं, असं विचारलं तर कोण घेईल तिला? तू तिकडं बसून पोरीचं नुकसान करू नकोस. मी उत्तर दिलं नाही, लाँग डेवर होते.

रात्री भाचीचा वेगळा मेसेज आला, खासगीत. मावशी, इंग्रजीसाठी आयईएल्टीएस करू की ओईटी? मी लिहिलं, आयईएल्टीएसच्या रायटिंगला साडेसहा लागतात, तुझं इंग्रजी चांगलं आहे, पण ओईटीत सगळं हॉस्पिटलचंच असतं, ती तुला बरी पडेल. मग पाचाची दहा वर्षं व्हायचं चाललंय ते सांगितलं, इथल्या मुलींनाच जागा नाहीत तेही सांगितलं. तिनं ते वाचलं आणि विचारलं, ओईटीची फी किती? ती मी भरणार आहे. मामांना कळलं तर माझ्या नावानं शंख होईल. पण मडगावला जाऊन पगार विचारल्याशिवाय मी पैसे पाठवणार नाही, हेही तिला सांगून ठेवलंय.