नटी कोण?

शनिवारपासून मी जिन्यात दिसलो की आमच्या बिल्डिंगमधली पोरं नाकातून ‘म्म्म्म्म’ असा आवाज काढून पळतात. चाळिशी ओलांडलेल्या, पानसुपारीही न खाणाऱ्या गृहस्थाला बेळगावच्या शहापुरात राहून हे ऐकावं लागतं, कारण त्यानं लोकांना फुकट सिनेमा दाखवला. वर भडंग दिलं.

सिनेमा ‘द डार्क क्रिस्टल’. 1982 सालचा, जिम हेन्सन आणि फ्रँक ऑझ या दोघांचा. दीड तासात पडद्यावर एकही माणूस दिसत नाही, सगळ्या बाहुल्या. मला तो जीव की प्राण. भाच्याचा प्रोजेक्टर, गच्चीवरची दोरी आणि बायकोची ठेवणीतली पांढरी चादर, एवढं जमलं. प्रेक्षक जमवावे लागत नाहीत, भडंगाच्या फोडणीचा वास पुरतो.

पहिल्या दहा मिनिटांत गिधाडतोंड्या स्केक्सिसांचा म्हातारा बादशहा मरतो आणि त्याचा चुरा होऊन पडतो. खालच्या वहिनींच्या धाकट्यानं तिथंच गळा काढला. थोरला मात्र चादरीला नाक लावून बघत होता. त्यांच्यातला कारभारी दर वाक्यामागे ‘म्म्म्म्म’ करतो, तेवढं त्यानं उचललं. तिसऱ्या मजल्यावरचे सर म्हणाले, ‘‘कारागिरी उत्तम, गोष्ट मुंगीच्या पावलानं.’’ हे मी समजू शकतो, जाणकारही तेच म्हणतात. पण हे बोलताना सर मोबाईलवर क्रिकेटचा स्कोअर बघत होते. मुंगी तरी काय करणार?

आणि मग वहिनींचे निपाणीचे मामा. तंबाखूच्या वखारीत हयात गेलेली, कानावर मफलर, खुर्ची सगळ्यांत पुढं. नायक जेन आणि नायिका कीरा पहिल्यांदा भेटतात, त्या हळुवार जागी मामा मागं वळले.

‘‘काय ओ, ही नटी कोन?’’

‘‘मामा, ती बाहुली आहे.’’

‘‘ते दिसतंय की. पन नटी कोन?’’

‘‘नटी नाहीच मामा. बाहुलीच काम करते.’’

‘‘असं कसं? काम केलंय म्हंजे कुनीतरी केलंय न्हवं? आमच्या वखारीत पोतं आपलं आपन चढत न्हाई गाडीत.’’

मी आवाज बारीक केला. मामांनी केला नाही.

‘‘आनि हिरोचं तोंड बगा. हिच्यासमोर हुबा हाय, पन चेहऱ्यावर माशी हलंना. त्यापरास आमचा तात्या विंचू. डोळे फिरवायचा तवा पोटात गोळा यायचा.’’

आता ‘झपाटलेला’ 1993 चा, त्यात बाहुली एक, बाकी माणसं भरपूर, आणि बोलक्या बाहुल्यांचे उस्ताद रामदास पाध्ये मागं उभे. तुलना होऊच शकत नाही, असं मी सांगायला लागलो. आंबोली घाट उतरून पिंगुळीला जा म्हटलं, परशुराम गंगावणेंना 2021 साली कळसूत्री बाहुल्यांसाठी पद्मश्री मिळाली. त्या लाकडी बाहुल्या कुठं पापणी हलवतात? तिथं कुणी तक्रार करतं? आणि या सिनेमातल्या खेकड्यांसारख्या शिपायांची चिलखतं इतकी जड होती, की मध्येमध्ये आतल्या माणसाला चिलखतासकट टांगून ठेवायचे, दम खायला. मामांना एवढंच भावलं. ‘‘टांगून? पगार किती?’’

मध्यंतर मी ठेवलं नव्हतं, ते भाषेवरून झालं. पुढच्या दारच्या अक्कांना कन्नडात सांगा, पोरांना मराठीत, आणि सरांना काहीच नको, ‘फ्लो जातो’. गंमत म्हणजे मुळात स्केक्सिस एका बनावट भाषेतच बोलायचे. चाचणीच्या खेळाला लोकांना ओ की ठो कळेना, म्हणून नंतर इंग्रजी संवाद चढवले. बेळगावात हा खेळ लावला असता तर कुणाची तक्रार आली नसती. आपल्याला न कळणाऱ्या कागदावर सही करायची सवय आहे आपल्याला.

शेवटी उलगडतं, की दुष्ट स्केक्सिस आणि शांत मिस्टिक हे मुळात एकच. स्फटिक फुटला तेव्हा त्यांचेही दोन तुकडे झाले, आणि हजार वर्षांनी तीन सूर्य एका रेषेत येतील तेव्हाच ते जुळणार.

‘‘म्हंजे सीमाप्रश्नच की ओ!’’ मामा ओरडले. झालं. गिधाडं कोण आणि साधू कोण, यावर गच्चीचे दोन भाग पडले. सर म्हणाले, केस 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, तीन सूर्य आधी जुळतील. पडद्यावर ते जुळलेही, ज्या प्रसंगासाठी मी हा सगळा खटाटोप केला तो येऊन गेला, आणि बघायला मी आणि धाकटा. तोही हुंदके देत. मामा तावातावानं उठताना तोल गेला, कढीपत्ता-लसणीच्या तेलाचा पंजा चादरीवर पाचही बोटांनिशी उमटला.

‘‘बाकी झोप झ्याक लागली मधी,’’ म्हणाले. मग आख्ख्या सिनेमावर मत कशाच्या जोरावर दिलं? पण पाहुण्याला विचारता येत नाही, आणि हिरोच्या चेहऱ्याबद्दलचं त्यांचं म्हणणं मलाही पूर्वीपासून खुपतं, हे तर त्याहून सांगता येत नाही.

रात्री झोप येईना. उठून शोधलं. कीराला हातांनी नाचवणारी कॅथरीन मुलेन, आवाज लिसा मॅक्सवेलचा. म्हणजे नटी होती. एक नव्हे, दोन. सकाळी दूध आणायच्या आधी खाली गेलो.

मामा पहिल्या गाडीनं निपाणीला गेले होते. वहिनींनी भडंगाचा डबा परत दिला, धुऊन, रिकामा.

‘‘मामा म्हणत होते, शेंगदाणे जरा कमीच होते.’’