दिवाळीत साइट बंद का ठेवली: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार,

एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की ऐन दिवाळीत तुमच्या साडीच्या दुकानाची साइट हॅक झाली, आमचा होस्टिंगचा सर्व्हरच (तुमची साइट ज्या मशीनवर ठेवलेली आहे तो) कच्चा आहे, वर आम्ही साइट दिवसभर बंद ठेवली आणि आता पासवर्ड नि ओटीपीचा जाच लावलाय. त्या आठवड्यात लक्ष्मी रोडवर पाय ठेवायला जागा नसते. अशा वेळी एक दिवस ऑनलाइन ऑर्डर बंद राहणं किती लागतं, हे पुण्यात धंदा करणाऱ्याला सांगावं लागत नाही. तुमचा राग मला समजतो. सर्व्हरबद्दलचं म्हणणं मात्र मान्य नाही, आणि आमचे इतर ग्राहकही हे वाचतात म्हणून इथेच लिहितोय.

सर्व्हर फुटला असता तर त्याच मशीनवरच्या बाकीच्या साइटवरही खुणा सापडल्या असत्या. आम्ही त्या सगळ्या तपासल्या, त्या स्वच्छ आहेत. तुमच्या साइटच्या लॉगमध्ये, म्हणजे कोण कधी आलं याच्या नोंदीत, वेगळंच दिसतं. रात्रभर निरनिराळ्या देशांतल्या आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यांवरून) वर्डप्रेसच्या, म्हणजे तुमची साइट ज्या सॉफ्टवेअरवर चालते त्याच्या, लॉगिन पानावर प्रयत्न चालू होते. पासवर्ड चुकला की वर्डप्रेस तेच पान पुन्हा दाखवतं आणि लॉगमध्ये २०० हा आकडा पडतो. बरोबर आला की ३०२. तिथे २००, २००, २०० अशी लांबच लांब रांग आहे आणि पहाटे एक ३०२. कुलूप फुटलेलं नाही, किल्लीनं उघडलंय. जुना पासवर्ड इथे लिहिणार नाही, पण दुकानाची पाटी वाचणाऱ्या कुणालाही तो सुचला असता. एकाच आयपीवरून भडिमार झाला तर आमचा फायरवॉल अडवतो. इथे प्रत्येक आयपी दोन-तीनदा प्रयत्न करून बाजूला होत होता.

‘साडीच्या दुकानात हॅकरला काय रस?’ असं तुम्ही विचारलंय. दुकान कुणी पाहतच नाही. बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, सापडेल ती वर्डप्रेस साइट घेतो आणि नेहमीचे पासवर्ड लावून बघतो.

तुमच्या काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर साइट व्यवस्थित दिसत होती, म्हणून ती बंद करणं तुम्हाला अन्यायाचं वाटलं. पण आत घातलेला कोड माणूस बघून वागत होता. थेट पत्ता टाकणाऱ्याला साड्या दिसायच्या. मोबाइलवर गूगलमधून येणाऱ्याला सट्ट्याच्या साइटवर ढकललं जायचं. ज्या फोल्डरमध्ये फक्त फोटो असायला हवेत, तिथे फोटोसारखं नाव दिलेली एक पीएचपी फाइल, म्हणजे सर्व्हरवर चालणारा प्रोग्राम, होती. तुमच्या गिऱ्हाइकांना तिकडे जाऊ देऊन साइट चालू ठेवणं मला जमणार नव्हतं. नुसता बॅकअप चढवला असता तर तोच पासवर्ड वापरून ते पुन्हा आत आले असते. म्हणून आधी वर्डप्रेस, सीपॅनल (होस्टिंग सांभाळायचं पान), एफटीपी (फाइली चढवायची वाट), डेटाबेस या सगळ्यांचे पासवर्ड बदलले, चालू लॉगिन तोडले, मग घुसखोरीच्या आधीचा बॅकअप चढवला. सर्ट-इनला, म्हणजे सायबर घटना बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेला, कळवलं त्यात तुमची बदनामी नाही; २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना कळल्यापासून ६ तासांत कळवणं आम्हाला बंधनकारक आहे.

आता जाचाबद्दल. दर महिन्याला पासवर्ड बदला असं आम्ही म्हणत नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेनेही २०१७ मध्येच असे ठरावीक मुदतीचे बदल सक्तीचे करू नका असं सांगितलंय. पासवर्ड लांब हवा, एकमेकांशी संबंध नसलेल्या चार-पाच शब्दांचा, आणि दुसरीकडे कुठेही न वापरलेला. कारण दुसऱ्या साइटवरून फुटलेला पासवर्ड इथेही लावून पाहिला जातो. ओटीपीचं म्हणाल तर ऑथेंटिकेटर अॅपमधला कोड मोबाइलला रेंज नसली तरी चालतो. तो आम्ही काढणार नाही.

अडचण खरी एकच आहे: दुकानातली सगळी मुलं एकाच अॅडमिन लॉगिनवर काम करतात आणि कोड येतो तुमच्या फोनवर. ऑर्डर बघायला अॅडमिन लागतच नाही, वूकॉमर्समधला (वर्डप्रेसवर दुकान चालवणारा भाग) ‘शॉप मॅनेजर’ हा कमी अधिकारांचा युजर पुरतो. प्रत्येकाला वेगळा युजर काढून देतो, त्याचे पैसे नाहीत; दुपारी गिऱ्हाईक कमी असेल तेव्हा आमचा माणूस दुकानात येईल. आणि साइट बनवणाऱ्याचं जुनं अॅडमिन खातं अजून जिवंत होतं, ते सध्या बंद केलंय. त्यांच्याकडून काम करून घ्यायचं असेल तर तेवढं कळवा, तेवढ्यापुरतं उघडून देऊ.